पीआरची फाइल आणि बँकॉकमधली परकी माणसं

२०२३ च्या डिसेंबरात मी थायलंडमधल्या कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज केला. इथे नोकरीला आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात हा विचार येतच नाही. कंपनी दर वर्षी व्हिसा वाढवून देते, दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा, देशाबाहेर जाताना री-एंट्रीचा शिक्का घ्यायचा, आणि नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. ह्यातच लोकांची पंधरा-वीस वर्षं निघून जातात. पीआरला एका देशाच्या नागरिकांसाठी वर्षाला फक्त शंभर जागा. सलग तीन वर्षं कामाच्या व्हिसावर असायला हवं, दोन वर्षं तरी महिना ८०,००० बाटच्या वर पगार हवा आणि त्यावर कर भरलेला हवा. अर्जाची फी ७,६०० बाट, अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. मंजूर झाला तर आणखी १,९१,४०० बाट भरायचे. एवढं करून मत देता येत नाही, नावावर जमीन घेता येत नाही. मिळतं ते इतकंच, की नोकरी गेली तरी राहता येतं, नव्वद दिवसांची हजेरी सुटते आणि घराच्या निळ्या नोंदवहीत नाव चढतं. मला तेवढं पुरेसं वाटलं.

कागद कुठले लागतात ते वकील सांगतात, त्यावर मी फार लिहिणार नाही. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. फाइल टाकल्याचं कळल्यावर भेटेल त्या परक्या माणसाने, इंग्रज असो, जपानी असो की आपला मराठी, पहिला प्रश्न एकच विचारला: "किती दिले?" मी पावत्यांचे आकडे सांगायचे. ते कुणालाच नको असायचे. "ते झालं गं, वरचे किती?"

वरचे काहीच नाहीत, हे उत्तर आजतागायत कुणी खरं मानलेलं नाही.

चेंग वत्तनाच्या सरकारी संकुलातली बी इमारत पाहिली नसेल तर तिचा पसारा सांगून कळणार नाही. खाली बँका, फोटोवाले, झेरॉक्सवाले, जेवणाचे ठेले, आणि ह्या सगळ्यामधून वाट काढत इमिग्रेशनकडे जाणारी जगभरची माणसं. पीआरच्या काउंटरवर त्या मानाने शांतता असते. माझा गठ्ठा ज्या बाईंकडे गेला त्यांनी आधी सगळ्या स्टेपलच्या पिना काढायला लावल्या. मग तीन वर्षांची करविवरणं, कंपनीने महिन्यागणिक भरलेल्या कराच्या पावत्या, कंपनीची नोंदणी, भारतीय दूतावासातून आणलेला पोलीस दाखला आणि त्याचं थाई भाषांतर, डॉक्टरांचा दाखला, घराचा हाताने काढलेला नकाशा, ऑफिसात मी काम करत असल्याचे फोटो. एक फोटो खुर्चीत, एक सहकाऱ्यांबरोबर, एक कंपनीच्या पाटीशेजारी. पाटीच्या फोटोत उन्हामुळे माझे डोळे मिटलेले होते. बाईंनी तो बाजूला काढून ठेवला आणि म्हणाल्या, "डोळे उघडे असलेला आणा, साहेब विचारतील." एका महिन्याच्या पावतीवरचा शिक्का पुसट होता, तिची कर कार्यालयातून प्रमाणित प्रत मागितली. दर पानावर निळ्या शाईने सही. मी सह्या करत बसले तेव्हा त्यांनी शेजारच्या सहकारणीकडून जाड उशीसारखा रबराचा तुकडा आणून माझ्या मनगटाखाली सरकवला.

त्यांच्या मागे भिंतीवर 'नो गिफ्ट पॉलिसी'चा फलक होता. डिसेंबरात हा फलक वाचायला गंमत येते, कारण त्याच दिवसांत बँकॉकच्या प्रत्येक मोठ्या दुकानाच्या दारात नववर्षाच्या भेटीच्या टोपल्यांचे डोंगर रचलेले असतात: सेलोफेनमध्ये गुंडाळलेली बिस्किटं, पक्ष्याच्या घरट्याचं पेय, कॉफी. इथल्या कायद्याने सरकारी माणसाला एका प्रसंगी ३,००० बाटपर्यंतची भेट घेता येते. आमच्या कंपनीत दर डिसेंबरला यादी होते आणि प्रत्येक टोपली ३,००० च्या आत बसवली जाते. ती यादी माझ्याच सहीने पुढे जाते.

मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आयात-निर्यात बघते. माल लाम छाबांग बंदरातून येतो. ह्या धंद्यात असून लाचखोरीवर मत नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. पण परदेशी कंपन्यांची इथल्या कस्टम्सबद्दलची जी सर्वांत मोठी तक्रार होती, ती लाचेची नव्हतीच. ती कायद्यात लिहिलेल्या बक्षिसाची होती. मालाचं वर्गीकरण चुकीचं केलं असं ठरलं की दंड, आणि त्या दंडातले ३० टक्के खबऱ्याला, २५ टक्के अधिकाऱ्यांना. दहा वर्षांपूर्वीची आयात उकरून काढून 'हा भाग त्या शीर्षकाखाली बसत नाही' म्हणायचं, आणि आकडा जितका मोठा तितकं बक्षीस मोठं. परदेशी व्यापारी मंडळांनी वर्षानुवर्षं ह्याविरुद्ध निवेदनं दिली. २०१७ च्या नव्या कायद्याने दोन्ही वाटे २० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त ५० लाख बाटवर आणले. तेव्हा आमच्या जपानी साहेबांनी ऑफिसात केक कापला होता. पैसे खाण्याची गरजच नव्हती, सगळं पावतीसकट चाललेलं.

हेच साहेब एरवी फार कडक. लाच द्यायची नाही, हे त्यांनी भिंतीवर तीन भाषांत लावलंय. आणि तरीही कंपनीला एक 'सल्लागार' आहेत, निवृत्त अधिकारी, जे महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, दोन फोन करतात आणि त्यांचं मानधन नियमाने खात्यात जमा होतं. मी एकदा विचारलं तर साहेब म्हणाले, "ते अनुभव विकतात."

परक्यांच्या तक्रारी ऐकताना मला रोल्स-रॉइस आठवते. थाई एअरवेजला इंजिनं विकताना १९९१ ते २००५ ह्या काळात मध्यस्थांमार्फत पैसे चारल्याचं त्या कंपनीच्या २०१७ च्या समझोत्यातून उघड झालं. किंवा बँकॉकच्या चित्रपट महोत्सवाचं कंत्राट मिळावं म्हणून थाई पर्यटन प्राधिकरणाच्या तेव्हाच्या प्रमुख जुथामास सिरीवान ह्यांना पैसे देणारं हॉलीवूडचं निर्माता जोडपं. त्यांना अमेरिकेत २००९ मध्ये दोषी ठरवलं गेलं, आणि बाईंना इथल्या न्यायालयाने २०१७ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा सुनावली. घेणाऱ्याला पन्नास वर्षं, देणाऱ्यांना अमेरिकेत काही महिने.

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक इंग्रज म्हातारा राहतो. मँचेस्टरकडचा, निवृत्त, स्वभावाने लाख माणूस. लिफ्टमध्ये भेटला की थाई राजकारणावर दहा मिनिटं बोलतो. त्याच्या मते हा देश पोलिसांनी पोखरलाय. पुरावा म्हणून तो नेहमी एकच प्रकरण सांगतो: रेड बुल घराण्याच्या वारसाने २०१२ मध्ये थोंग लोमध्ये फेरारीखाली एका पोलिसाला चिरडलं, आणि गाडीचा वेग तज्ज्ञांच्या कागदात ताशी १७७ किलोमीटरवरून ७९ वर आला. "पोलिसालाच न्याय मिळत नाही, तर मला काय?" हे बोलणं खरंच आहे. २०२० मध्ये तर आरोपच मागे घेतले गेले होते, लोक खवळले म्हणून प्रकरण पुन्हा उघडलं.

पण ह्याच म्हाताऱ्याचा निवृत्ती व्हिसा कसा वाढतो ते सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. नियमाने बँकेत आठ लाख बाट हवेत, नाहीतर महिना ६५,००० चं उत्पन्न. त्याच्याकडे दोन्ही नाही, पाउंड घसरल्यापासून तर नाहीच. मग एजंट. एजंट थोड्या दिवसांसाठी खात्यात पैसे ठेवतो, शिक्का बसतो, पैसे परत जातात. ह्याला तो भ्रष्टाचार म्हणत नाही, 'सर्व्हिस' म्हणतो. रस्त्यात पोलिसाने हेल्मेटवरून अडवलं आणि दोनशे बाटमध्ये मिटवलं तर संध्याकाळी खुशीत सांगतो, इंग्लंडमध्ये असतो तर पत्र आलं असतं, परवान्यावर गुण चढले असते. त्याच पोलिसाने पाचशे मागितले की मग देश पोखरलेला असतो.

आणि निवडणूक? मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहापासून दारूविक्री बंद होते, ह्यावरून त्याला निवडणूक कळते. २०१४ च्या मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तो इथेच होता. "रस्ते मोकळे झाले," असं तो अजून सांगतो. ही एकट्या त्याची गोष्ट नाही. निवृत्त परदेशी मंडळींत मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. ज्यांच्या पेन्शनीला, बिअरला आणि मसाजला धक्का लागला नाही, त्यांना सत्ता घेणाऱ्या सेनापती प्रयुत चान-ओचांचं राज्य बरंच वाटलं.

आपल्या लोकांचं मत निराळ्या वाटेने तिथेच पोचतं. गणपतीत मराठी मंडळी जमतात, उकडीच्या मोदकांवर तूप पडलं की पुण्या-मुंबईच्या रस्त्यांचे खड्डे निघतात आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "इथे कसं, खातात पण काम करतात." स्कायट्रेन वेळेवर, सार्वजनिक संडास स्वच्छ, सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही, म्हणजे देश आपल्यापेक्षा स्वच्छ. मागे एकदा मी ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचार निर्देशांकातले आकडे (गुण जास्त तितका देश स्वच्छ) वाचून दाखवले: भारत ३८ गुण, क्रमांक ९६, थायलंड ३४ गुण, क्रमांक १०७. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक काका म्हणाले, "ते काढणारे गोरेच ना." विषय संपला. खरं तर त्यांचा अनुभव खोटा नाही. आपल्याकडे चिरीमिरी सामान्य माणसाच्या दारात येऊन मागितली जाते. इथे पगारदार परदेशी माणसाला ती दिसतच नाही, कारण त्याच्या वतीने कंपनी, वकील किंवा एजंट कुठेतरी बसलेला असतो. ज्याच्या वतीने कुणी बसलेलं नसतं, त्याला विचारायला हवं. तिकडे मी येते.

राजकारणावर मात्र आपले लोक दबक्या आवाजात बोलतात, आणि त्यात शहाणपण आहे. दंडसंहितेचं कलम ११२, राजघराण्याच्या अवमानाचं, प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं. तक्रार कुणीही करू शकतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये फित्सानुलोकच्या नरेसुआन विद्यापीठातल्या एका अमेरिकन अभ्यासकाला ह्या कलमाखाली अटक झाली. खटला उभा राहिला नाही, पण व्हिसा गेला आणि माणसाला देश सोडावा लागला. त्यानंतर आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन दिवस फक्त गुड मॉर्निंगची फुलं फिरत होती. फाइल टाकल्यापासून मीही थाई बातम्यांना साधा अंगठासुद्धा देत नाही. असं करायला मला कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या हाताखाली काम करणारी एक थाई सहकारी आहे, ईशान्येतल्या खोन केनकडची, वयाने मोठी म्हणून मी तिला पी, म्हणजे ताई, म्हणते. सगळ्या परक्यांच्या तोंडी असलेलं एक मत मी नवीन असताना तिच्यापुढे बोलून दाखवलं होतं: ईशान्येकडचे शेतकरी पाचशे बाटला मत विकतात, म्हणून माजी पंतप्रधान थाकसिन निवडून येतो. बँकॉकचे उच्चभ्रू हेच म्हणतात, आणि परके त्यांच्याकडूनच ऐकतात. पी शांतपणे म्हणाली, "आम्ही दोन्ही पक्षांकडून घ्यायचो. आईने मत दिलं ते तीस बाटला." थाकसिनच्या सरकारने २००१ मध्ये आणलेली ती योजना, तीस बाटमध्ये सरकारी दवाखान्यात उपचार. तिच्या आईचं मूतखड्याचं ऑपरेशन त्यात झालं, तोवर दुखणं अंगावर काढत होत्या. पीचा थाकसिनवर आता विश्वास उरलेला नाही, २०२३ ला तिने मूव्ह फॉरवर्डला मत दिलं. त्या पक्षाने सर्वांत जास्त, १५१ जागा जिंकल्या, आणि लष्कराने नेमलेल्या सिनेटने त्यांच्या नेत्याला पंतप्रधान होऊ दिलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये थाकसिन पंधरा वर्षांनी परतले, आठ वर्षांची शिक्षा राजकृपेने एका वर्षावर आली, आणि त्यातलेही सहा महिने कोठडीऐवजी पोलीस रुग्णालयाच्या चौदाव्या मजल्यावर काढून ते पॅरोलवर सुटले.

माझी मुलाखत आली ती १५ ऑगस्ट २०२४ ला. मुलाखत थाईत होते: स्वतःबद्दल सांगा, काम काय, जेवायला काय आवडतं, प्रांत किती. शिकवणीच्या बाईंनी मला सगळं घोटून दिलं होतं, फक्त एक उत्तर रिकामं ठेवलं होतं. "पंतप्रधानांचं नाव त्या दिवशी सकाळी पाठ करा," म्हणाल्या.

त्यांचं बरोबर निघालं. ७ तारखेला घटना न्यायालयाने मूव्ह फॉरवर्ड पक्ष बरखास्त केला होता. १४ ला, म्हणजे माझ्या आदल्या दिवशी, त्याच न्यायालयाने पंतप्रधान स्रेथा थाविसिन ह्यांना पदावरून काढलं. कारण, त्यांनी मंत्री केलेले वकील पिचित. हे पूर्वी थाकसिनचे वकील होते आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांना खाऊच्या पिशवीतून वीस लाख बाट दिल्याच्या प्रकरणात सहा महिने आत जाऊन आले होते. अशा माणसाला मंत्री करणं नीतिमत्तेला धरून नाही, असं न्यायालय म्हणालं. ते खरंच धरून नव्हतं. पण मतपेटीतून आलेलं सरकार नऊ माणसांच्या खंडपीठाने एका दुपारी खाली बसवलं, हेही खरं होतं. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या कुणीही ह्यावर अवाक्षर काढलं नाही. एक कोरियन गृहस्थ ओठ हलवत सत्त्याहत्तर प्रांतांचा आकडा घोकत होते.

प्रश्न आलाच. टेबलापलीकडे बसलेल्यांपैकी मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आपले पंतप्रधान कोण?"

मी म्हटलं, "आज काळजीवाहू, फुमथाम वेचयाचाई."

त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं, तो खाली मान घालून हसला. मग सगळेच हसले. "बरोबर," मधले म्हणाले, "आज." आणि लगेच पुढचा प्रश्न, सोम तामला, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला, तिखट किती घालता. मी हिरव्या मिरच्यांचा आकडा सांगितला त्यावर पुन्हा हशा झाला. सगळं मिळून पाव तासात आटपलं. बाहेर पडल्यावर वकिलाला सांगितलं तर तो म्हणाला, हसले म्हणजे चांगलं. इथे बारा वर्षं वकिली करणारा हा माणूस, अंदाज त्याचाही हसण्यावरून.

आता ती, जिच्या वतीने कुणी बसलेलं नसतं. आमच्याकडे कामाला येणारी बाई मोन राज्यातली, म्यानमारची. परदेशी मजुरांचं गुलाबी ओळखपत्र, कामाचा परवाना, आरोग्य तपासणी, सगळं तिच्याकडे आहे, आणि दर नूतनीकरणाला दलाल सरकारी फीच्या कितीतरी पट घेतो. का, तर फॉर्म, रांग आणि तारखा ह्यांचं गणित कामावर जाणाऱ्या बाईला जमणारं नाही. त्यात रस्त्यात कुणी अडवलं आणि कार्ड घरी राहिलं असेल तर वेगळे पैसे. मला 'किती दिले' असं न विचारणारी ती एकटीच. पीआर म्हणजे काय ते मी समजावलं, फीचा आकडा सांगितला, तर तिने विचारलं, "पावती देतात?" देतात म्हटल्यावर ती म्हणाली, "मग स्वस्त आहे, माडाम."

२८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ भूकंप झाला आणि बँकॉकमध्ये चतुचाकला बांधकाम चालू असलेली तीसहून अधिक मजल्यांची इमारत काही सेकंदांत खाली बसली. एवढ्या मोठ्या शहरात पूर्ण कोसळलेली ती एकमेव उंच इमारत. ती होती राज्य लेखापरीक्षण कार्यालयाची, म्हणजे इतर सरकारी खात्यांनी पैसा नीट खर्च केला का हे तपासणाऱ्यांची. दोन अब्ज बाटच्या वरचं कंत्राट एका बड्या थाई आणि एका चिनी सरकारी कंपनीच्या जोडीकडे, आणि कामावर भ्रष्टाचारविरोधी संघटनेची देखरेख ठेवण्याचा करारही केलेला. ढिगाऱ्यातल्या सळ्यांचे काही नमुने चाचणीत नापास झाले. गाडले गेलेल्यांत म्यानमारचे मजूर बरेच होते. आमच्या बाईच्या गावाकडची दोन पोरं पूर्वी त्याच ठेकेदाराकडे होती, सुदैवाने तेव्हा दुसऱ्या साइटवर. ती आठवडाभर रोज दुपारी फोनवर शोधपथकाचं थेट प्रक्षेपण लावून भांडी घासत होती.

सातव्या मजल्यावरचा म्हातारा त्या दिवसांत फार चिडला होता. आमच्या इमारतीच्या जिन्याला भेगा गेल्या होत्या आणि फ्लॅटची किंमत उतरणार होती. त्याच लिफ्टमध्ये मी पहिल्यांदा त्याच्याशी वाद घातला. तो म्हणाला, ह्या लोकांना पर्वाच नाही. मी म्हटलं, तुमच्या एजंटाने तरी कुठे पर्वा केली? त्यानंतर महिनाभर आम्ही फक्त हवेबद्दल बोललो.

फाइलचं पुढे काय झालं? पीआरची अंतिम सही गृहमंत्र्यांची. मी अर्ज केला तेव्हा गृहमंत्री अनुतिन चार्नवीराकुल होते. २०२५ च्या जूनमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान, थाकसिनच्या कन्या पैतोंगतार्न आणि कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन ह्यांचं फोनवरचं बोलणं फुटलं आणि अनुतिन ह्यांचा पक्ष सरकारातून बाहेर पडला. गृहखातं फुमथाम ह्यांच्याकडे गेलं, तेच माझे 'आज'चे पंतप्रधान. ऑगस्टअखेरीस न्यायालयाने पैतोंगतार्न ह्यांनाही काढलं, सप्टेंबरात अनुतिन स्वतः पंतप्रधान झाले आणि गृहखातं पुन्हा आपल्याकडेच ठेवलं. थाकसिन ह्यांची रुग्णालयातली मुदत शिक्षेत धरता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात सांगितलं आणि ते ह्या वेळी खरोखर तुरुंगात गेले. ह्या सगळ्यात माझी फाइल कुठल्या टेबलावर होती कोण जाणे. अर्ज विचाराधीन असताना दर १८० दिवसांनी पासपोर्टवर मुदतवाढीचा शिक्का मिळतो, तो मी घेत आले.

मधल्या काळात एकाचा फोन आला. कुठून नंबर मिळाला माहीत नाही, बोलणं अदबीचं, नाव सांगितलं नाही. तीन लाखांत ह्या वर्षी काम होईल म्हणाला. मी विचारलं, कुणाला द्यायचे? तो हसला. "ते तुम्हाला कळून काय करायचंय?" मी नको म्हटलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, हा माणूस काहीच करत नसणार. शंभर जणांना फोन करायचा, ज्याचा अर्ज आपोआप मंजूर होईल त्याचे ठेवून घ्यायचे, बाकीच्यांना परत. बसल्या जागी बिनभांडवली धंदा. मला ते पटलं. 'किती दिले' विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी अशाच माणसाला पैसे देऊन वर हा देश असाच म्हणून सांगितलं असेल, असंही वाटून गेलं.

१२ डिसेंबर २०२५ ला संसद बरखास्त झाली. ८ फेब्रुवारी २०२६ ला निवडणूक ठरली, शिवाय नवी घटना हवी का ह्यावर त्याच दिवशी सार्वमत. म्हणजे सही करणारा गृहमंत्री कोण हे पुन्हा नव्याने ठरणार होतं. वकिलाने माझा पुढचा शिक्का लवकर घेऊन ठेवायला सांगितलं.

पी रजेचा अर्ज घेऊन आली. बँकॉकमध्ये राहून आधी मत देण्याची सोय असते, पण तिला गावी जाऊनच द्यायचं होतं, आईलाही घेऊन जायचं होतं. ज्या पक्षाला मागच्या वेळी दिलं तो राहिलेला नाही, त्याच्या जागी नाव बदलून आलेला आहे. "काही होईल का?" मी विचारलं. तिने खांदे उडवले, आणि म्हणाली शनिवारी रात्रीची बस आहे, सोमवारी दुपारपर्यंत येते. सोमवारी आमचे दोन कंटेनर सुटायचे होते. मी रजा मंजूर केली आणि तिची कस्टम्सची कागदपत्रं माझ्याकडे घेतली.